विश्लेषण : हिमालयातील वणव्यांना चीड वृक्षच जबाबदार आहे का?

एप्रिल उजाडला की उत्तराखंडचे डोंगर धुराने झाकोळू लागतात आणि दरवर्षी एकच आरोपी पुढे येतो : चीड. सुईसारख्या पानांचा हा पाइन वृक्ष आग भडकवतो, जमिनीतले पाणी शोषतो, दुसऱ्या झाडांना वाढू देत नाही, असे आरोप त्याच्यावर होतात. तो मुळात इंग्रजांनी आणलेला परका वृक्ष आहे, असेही समाजमाध्यमांवर सांगितले जाते. चीड तोडून त्या जागी बांज म्हणजे हिमालयी ओक लावा, ही मागणी यातूनच येते. यातील काही आरोपांत तथ्य आहे, काही ऐकीव आहेत, तर काहींत कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. या झाडाचे जीवशास्त्र समजून घेतले तर जंगल का जळते हे कळते आणि ते वाचवायचे कसे याचे उत्तरही बऱ्याच अंशी तिथेच मिळते.

चीड म्हणजे नेमका कोणता वृक्ष?

पाइन हे एका झाडाचे नाव नाही. ‘पायनस’ या प्रजातीत सुमारे ११० ते १२० जाती आहेत आणि जवळपास सगळ्याच उत्तर गोलार्धातील आहेत. नैसर्गिकरीत्या विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला पोहोचलेली एकच जात आहे, तीही इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर. भारतात चीड, कैल, चिलगोजा आणि मेघालयातील खासी पाइन या प्रमुख जाती आढळतात. सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारे महागडे चिलगोजे म्हणजे हिमाचलमधील किन्नौरसारख्या कोरड्या, थंड भागात वाढणाऱ्या पाइनचे बी.

पाइन ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सुयांचा जुडगा. कैलच्या एका जुडग्यात पाच सुया असतात, तर चिडाच्या जुडग्यात तीन. चिडाच्या सुया २० ते ३५ सेंटिमीटर लांब असतात. साधारण ५०० ते २,००० मीटर उंचीवर, विशेषतः उन्हाच्या दक्षिण उतारांवर हा वृक्ष वाढतो. देवदार पाइनच्याच कुळातला असला तरी पाइन नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनांनाही अनेक जण पाइन समजतात. प्रत्यक्षात सुरू हा सपुष्प वृक्ष आहे आणि त्याचे पाइनशी केवळ दिसण्यापुरते साम्य आहे.

तो इंग्रजांनी आणला, हे खरे आहे का?

नाही. चीड मूळचा हिमालयातलाच आहे. संस्कृत साहित्यात तो ‘सरल’ या नावाने येतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त हत्तींनी अंग घासल्यामुळे सरल वृक्षातून पाझरणाऱ्या चिकाचा सुगंध हिमालयात दरवळत असल्याचे वर्णन आहे. ‘मेघदूता’त तर सरल वृक्षांची खोडे एकमेकांवर घासून पेटणाऱ्या वणव्याचा उल्लेख आहे आणि तो विझवण्याची विनंती यक्ष मेघाला करतो. म्हणजे हा वृक्ष आणि वणवा यांची जोडी इंग्रजांच्या कित्येक शतके आधी कवीच्या नजरेस पडली होती.

या झाडाच्या शास्त्रीय नावात विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या रॉक्सबर्ग यांनी लांब सुयांवरून त्याला ‘लाँगिफोलिया’ म्हटले होते. पुढे ते नाव बदलून त्यांच्या सन्मानार्थ ‘पायनस रॉक्सबर्घाय’ असे करण्यात आले. परकेपणाचा समज पसरण्यास कदाचित हे नावही हातभार लावत असावे.

मात्र इंग्रजांची भूमिका शून्य नव्हती. झाड त्यांनी आणले नाही, पण त्याला जंगलात झुकते माप दिले. राळ, टर्पेंटाइन आणि रासायनिक प्रक्रिया केल्यावर रेल्वेचे स्लीपर असे तिहेरी उत्पन्न चीड देत असे. त्यामुळे कुमाऊंमध्ये १९११ ते १९१७ या काळात मोठी जंगले राखीव करण्यात आली आणि गावकऱ्यांच्या चराईवर, लाकूडफाट्यावर निर्बंध आले. याविरोधात १९२१ मध्ये उसळलेल्या आंदोलनात जंगले पेटवली गेली आणि त्यांचा रोख प्रामुख्याने चिडाच्या व्यापारी जंगलांवर होता. चिडाबद्दलच्या रागाची मुळे अशी शंभर वर्षे जुनी आहेत.

फुले-फळे नसताना बी कसे तयार होते?

पाइन हा अनावृतबीजी वनस्पतींच्या गटात मोडतो. त्याला फूल येत नाही आणि बी फळाच्या आत झाकलेले नसते. एकाच झाडावर नर आणि मादी शंकू येतात. वसंतात नर शंकूंमधून पिवळ्या धुळीसारखे परागकण उडतात. प्रत्येक कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, त्यामुळे ते वाऱ्यावर दूरवर तरंगत जातात. कीटकांची गरजच नसल्याने रंग, गंध, मध यावर झाड काही खर्च करत नाही.

परागकण मादी शंकूपर्यंत पोहोचला तरी फलन लगेच होत नाही. त्याला सुमारे वर्ष लागते आणि बी पक्व होऊन शंकू उघडेपर्यंत दोन वर्षांच्या आसपास काळ जातो. चिडाचे शंकू एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघडतात. पातळ पंख असलेले बी भिरभिरत खाली येते आणि जूनच्या पावसात रुजते. त्याला भरपूर ऊन आणि पालापाचोळ्याविना मोकळी जमीन लागते. ही अट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण उन्हाळ्यातली आग नेमकी तशीच जमीन तयार करून देते.

राळ झाडाच्या काय उपयोगाची?

पाइनच्या लाकडात आणि सुयांमध्ये राळेच्या सूक्ष्म नलिकांचे जाळे असते. खोडाला जखम झाली की चिकट राळ बाहेर येते, जखम बंद करते आणि भोक पाडणाऱ्या किड्यांना, बुरशीला रोखते. माणसाने हीच संरक्षण यंत्रणा उत्पन्नाचे साधन केली. खोडावर खाच पाडून खाली पसरट पेला लावायचा आणि ठिबकणारा चीक गोळा करायचा. उत्तराखंडमध्ये त्याला ‘लिसा’ म्हणतात. तो ऊर्ध्वपातित केला की टर्पेंटाइन तेल वेगळे होते आणि घट्ट राळ मागे उरते. रंगकामातील टर्पेंटाइन, कागद आणि व्हार्निश उद्योगातील राळ, व्हायोलिनच्या गजाला घासायचा खडा, सोल्डरिंगच्या तारेतील फ्लक्स या सगळ्यांचा पाइनच्या राळेशी संबंध आहे.

पण राळ ज्वलनशील आहे. लिसासाठी पाडलेल्या खाचा उघड्या राहिल्या आणि जमिनीवरून आग आली, तर ती नेमकी त्या जागी खोडात शिरते. वर्षानुवर्षे खाचा पाडलेली झाडे आतून जळून पोकळ होतात आणि वादळात कोसळतात. इथे झाडाचा कमकुवतपणा नैसर्गिक नाही, माणसाने दिलेला आहे.

चिडाचे जंगल इतक्या झपाट्याने का पेटते?

यात आरोपाचा मोठा भाग खरा आहे. चीड सदाहरित म्हणवला जातो, पण त्याच्या सुयांचे आयुष्य एक ते तीन वर्षे असते आणि गळतीचा मुख्य हंगाम मार्च ते जून असा ऐन कोरडा असतो. पाण्याचा ताण वाढला की जुनी पाने टाकून देणे हा झाडाचा पाणी वाचवण्याचा मार्ग आहे. या गळलेल्या सुयांना स्थानिक भाषेत पिरूल म्हणतात. उत्तराखंडमध्ये सुमारे चार लाख हेक्टर वनक्षेत्रावर चीड आहे आणि तिथे दर उन्हाळ्यात लाखो टन पिरूल जमिनीवर साचतो.

जळणासाठी तीन गोष्टी लागतात : इंधन, प्राणवायू आणि उष्णता. पिरूलमध्ये पहिल्या दोन्ही तयार असतात. सुयांमध्ये राळ आणि मेण असते. रुंद पानांसारख्या त्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. गवताच्या गंजीसारखा त्यांचा सैल थर होतो आणि त्यातून हवा खेळत राहते. लिग्निन जास्त आणि नत्र कमी असल्याने त्या लवकर कुजत नाहीत. यंदाचा थर मागच्या वर्षीच्या थरावर पडतो. त्यात उताराची भर पडते. आग वरच्या दिशेला जाताना पुढचे इंधन आधीच तापवून कोरडे करत जाते, म्हणून चढावर ती वेगाने धावते. मग हवी असते फक्त ठिणगी.

मग झाड स्वतः कसे वाचते?

चीड आगीला मदत करतो आणि स्वतः बहुतेक वेळा तिच्यातून सहीसलामत बाहेर पडतो. त्याची साल जाड, भेगाळलेली आणि थरांची असते. बाहेरचा मृत थर उष्णतारोधकासारखा काम करतो आणि आतल्या जिवंत ऊतींपर्यंत धग पोहोचू देत नाही. मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या गळून खोड उंचीपर्यंत मोकळे झालेले असते, त्यामुळे जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत सहसा चढत नाही. पाइनच्या बऱ्याच जातींना न जमणारी आणखी एक गोष्ट चिडाला जमते. त्याचे कोवळे रोप जळाले तरी बुंध्याशी पुन्हा फुटू शकते.

बांजाची साल इतके संरक्षण देत नाही आणि आगीत त्याची रोपे मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. म्हणजे प्रत्येक वणव्यानंतर तराजू थोडा चिडाच्या बाजूला झुकतो. पण या सोयीलाही मर्यादा आहे. काही वर्षांच्या अंतराने लागणारी हलकी आग चिडाला मानवते. दरवर्षी तीच जमीन पेटली तर त्याचीही रोपे मोठी होत नाहीत आणि जंगलात फक्त म्हातारी झाडे उरतात.

ठिणगी कुठून येते?

कालिदासाच्या यक्षाला घासणारी खोडे दिसली. आजच्या वणव्यांमागे मात्र जवळजवळ नेहमीच माणूस असतो. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत उत्तराखंड सरकारनेच त्या हंगामातील वणवे मानवनिर्मित असल्याचे सांगितले. शेतातला कचरा जाळताना सुटलेली आग, फेकलेली विडी-सिगारेट, विझवायची राहून गेलेली चूल आणि मुद्दाम लावलेली आग ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

मुद्दाम आग लावण्यामागे साधे गणित असते. पिरूलच्या थराखाली गवत उगवत नाही आणि त्यावरून गुरे घसरतात. तो जाळून टाकला की पहिल्या पावसानंतर कोवळा चारा मिळतो. सह्याद्रीतही पुढच्या वर्षी गवत चांगले यावे, या समजुतीने डोंगर पेटवले जातात. दोन्हीकडे आग लावणारा बहुतेकदा जंगलाचा शत्रू नसतो, त्याला गुरे जगवायची असतात. पर्यटकांचा वाटाही विसरता येणार नाही. महाराष्ट्रातून नैनिताल, कौसानी, मसुरीकडे जाणाऱ्यांचा उन्हाळी सुट्टीचा हंगाम आणि पिरूल साचण्याचा हंगाम एकच आहे.

या आगींची किंमत मोठी आहे. २०१६ मध्ये उत्तराखंडमधील चार हजारांहून अधिक हेक्टर जंगल जळाले. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालजवळची आग विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमतालमधून पाणी उचलावे लागले. १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या चार वनकर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. आज उपग्रहावरून आगीचा इशारा मोबाइलवर येतो, पण त्या उतारावर माणसाला पायीच पोहोचावे लागते आणि अनेकदा हिरव्या फांद्यांनी झोडपूनच ज्वाळा विझवाव्या लागतात.

चीड पाणी पळवतो का?

बांजाच्या जंगलात पानांचा कुजलेला मऊ थर असतो, तो पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू झऱ्यांना सोडतो, हा डोंगरातल्या माणसांचा अनुभव आहे. चिडाच्या जंगलात, विशेषतः आग लागून गेल्यावर, जमीन उघडी आणि कडक होते आणि पाणी वाहून जाते. हिमालयातील जवळपास निम्मे झरे आटत असल्याचे निती आयोगाच्या २०१८ मधील अहवालात म्हटले होते. त्यामुळे ही चिंता पोकळ नाही.

पण चीड जिथे दिसतो तिथली जमीन बऱ्याचदा आधीच कोरडी, उथळ आणि उन्हाने तापलेली असते. अशा जमिनीत टिकण्यासाठीच तो घडला आहे. त्याच्या सुयांवर मेणाचा थर असतो, पर्णरंध्रे खोलगट असतात आणि मुळांशी सहजीवन करणारी कवके मातीतील पाणी आणि क्षार मिळवून देतात. ही मैत्री इतकी महत्त्वाची आहे की दक्षिण गोलार्धात काही ठिकाणी पाइनची लागवड योग्य कवक असलेली माती आणेपर्यंत साधलीच नाही. बांजाच्या बाबतीत क्रम बहुधा असा असतो : चाऱ्यासाठी आणि जळणासाठी बांज ओरबाडला जातो, सावली कमी होते, जमीन सुकते, आग लागते आणि मोकळ्या जागेत चिडाचे बी रुजते. चीड बांजाला हुसकावतो असे म्हणण्यापेक्षा बांज हरलेल्या जागेवर तो ताबा मिळवतो, हे म्हणणे अधिक अचूक ठरेल. गावे ओस पडून पडीक झालेल्या शेतांतही हेच घडते.

चीड तोडून प्रश्न सुटेल का?

चिपको आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर १९८१ मध्ये तेव्हाच्या उत्तर प्रदेशच्या डोंगराळ भागात १,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. चिडासाठी ती शिथिल करावी, अशी मागणी अधूनमधून होते. दाट एकसुरी रांगांमध्ये शास्त्रीय विरळणी करण्याला वाव असू शकतो. पण सरसकट तोड हा उपाय नाही. तीव्र, कोरड्या उतारावर मुळांनी धरलेली माती सुटली तर पावसाळ्यात दरडींचा धोका वाढतो. शिवाय उघड्या पडलेल्या उन्हाच्या उतारावर बांज आपोआप येत नाही. त्याच्या रोपाला ओलावा, थोडी सावली आणि गुरांपासून संरक्षण लागते. आधी एका झाडाला झुकते माप देऊन जंगल बिघडवले, आता दुसऱ्याला तसेच माप देऊन ते दुरुस्त होणार नाही.

पिरूल गोळा करणे हाच उपाय आहे का?

आगीच्या तीन घटकांपैकी प्राणवायू काढता येत नाही आणि प्रत्येक ठिणगीवर पहारा ठेवता येत नाही. हातात उरते ते इंधन. पूर्वी डोंगरातील स्त्रिया गोठ्यात अंथरण्यासाठी पिरूल गोळा करत आणि त्याचेच खत शेतात जाई. गुरे घटली, तरुण शहरांकडे गेले आणि इंधन जंगलातच साचू लागले.

सरकारने २०१८ मध्ये पिरूलपासून वीजनिर्मितीचे धोरण आणले. त्यापासून इंधनाच्या विटाही बनवता येतात. अडचण आहे ती वाहतुकीची. पिरूल वजनाने हलका आणि आकारमानाने मोठा असतो. ट्रक लवकर भरतो, पण त्यात माल थोडाच असतो. गोळा करायला सरळ उतारावर चढावे लागते आणि हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. किलोमागे तीन रुपये दर असताना शंभर किलो पिरूल उतरवून आणणाऱ्या बाईला तीनशे रुपये मिळत. मे २०२४ मध्ये राज्य सरकारने हा दर पन्नास रुपये करण्याची घोषणा केली. वणवे भडकल्यावर झालेल्या घोषणेपेक्षा फेब्रुवारीत खरेदी केंद्र सुरू असणे आणि पैसे वेळेवर मिळणे महत्त्वाचे आहे. वीज किंवा विटा विकून हा खर्च पूर्ण निघेलच असे नाही. पण पिरूलकडे फक्त कच्चा माल म्हणून पाहणे चूक आहे. उचललेला प्रत्येक किलो म्हणजे न लागलेल्या आगीचे इंधन. त्या दृष्टीने हा खर्च अग्निशमनाच्या खात्यात मांडायला हवा.

मग नेमके काय करायला हवे?

चिडाचे वेळापत्रक ठरलेले आहे. मार्चमध्ये सुया गळू लागतात, मेमध्ये थर कोरडाठाक होतो, जूनअखेरीस पाऊस येतो. सरकारी यंत्रणा मात्र बहुतेकदा आग दिसल्यावर जागी होते. २०२४ मध्ये ऐन वणव्यांच्या दिवसांत वनकर्मचाऱ्यांना निवडणुकीच्या कामाला जुंपल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला फटकारले होते. पाऊस किंवा कृत्रिम पाऊस यांच्या भरवशावर राहणे हे उत्तर नाही, असेही न्यायालयाने सुनावले होते.

जाळपट्टे साफ करणे, थंडीत ओलावा असताना नियंत्रित जाळणी करून इंधन कमी करणे, लिसाच्या खाचांभोवतीचा पिरूल हटवणे ही कामे डिसेंबर ते मार्चदरम्यानच होऊ शकतात. जिथे ओलावा आहे अशा उत्तर उतारांवर, झऱ्यांच्या पाणलोटात बांजाच्या रोपांना कुंपण आणि राखण मिळाली तर मिश्र जंगल परत येऊ शकते. हे करण्यासाठी हातही आहेत. १९२१ च्या उद्रेकानंतर, १९३१ मध्ये गावांना जंगलाचा कारभार देणारी वनपंचायतींची व्यवस्था सुरू झाली. आज उत्तराखंडमध्ये ११ हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. त्यांना निधी, अधिकार आणि पिरूलचा रास्त दर मिळाला, तर आग लावण्यात असलेला फायदा आग रोखण्यात दिसू लागेल.

चीड निर्दोष नाही, पण तो जे करतो ते हजारो वर्षे करत आला आहे आणि यापुढेही मार्चमध्ये सुया गाळणारच आहे. बदलण्यासारखे आहे ते माणसाचे वागणे. झाडाला शिक्षा देण्याची चर्चा सोपी असते, कारण झाड उत्तर देत नाही. बिनसरच्या उतारावर मरण पावलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र या चर्चेने वाचवले नसते. जंगलातला पिरूल आधीच उचलला गेला असता, तर कदाचित ते वाचले असते.